हिपॅटायटिस सी आणि यकृताचा कर्करोग

मनुष्याच्या शरीरांत यकृताइतका सोशीक अवयव क्वचितच दुसरा असेल. त्याचा बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग निमूटपणें काम ओढीत राहतो आणि रोग्याला कशाचीच चाहूल लागत नाहीं. हिपॅटायटिस सी या रोगांत यकृताचा हाच गुण घातक ठरतो. या रोगाचा विषाणु शरीरांत शिरल्यावर बहुतेकांना कावीळ होत नाहीं, तापहि येत नाहीं. वीस-तीस वर्षें अशींच उलटतात आणि एके दिवशीं पोटांत पाणी झाल्याचें किंवा यकृतांत गांठ असल्याचें एकाएकीं उघडकीस येतें.

हा विषाणु रक्तांतून पसरतो. तपासणी न झालेलें रक्त, निर्जंतुक न केलेल्या सुया, मादक द्रव्यें टोचून घेण्यासाठीं अनेकांनीं वापरलेली एकच पिचकारी, हे त्याचे मुख्य मार्ग होत. एका पंक्तीला जेवल्यानें तो लागत नाहीं. तेव्हां रोग्याची ताटवाटी वेगळी करण्याचें कांहींएक कारण नाहीं. अमेरिकेंत हार्वे आल्टर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, रक्त घेतलेल्या कित्येकांना होणारा यकृतदाह हा तोंवर ठाऊक असलेल्या ‘ए’ व ‘बी’ या विषाणूंमुळें होत नाहीं. १९८९ मध्यें मायकेल हॉटन व त्यांचे सहकारी यांनीं नवा विषाणु ओळखून काढला. तो एकटाच हा रोग उत्पन्न करण्यास समर्थ आहे, हें चार्ल्स राइस यांनीं १९९७ मध्यें सिद्ध केलें. आल्टर, हॉटन व राइस या तिघांना २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. भारतांत २००१ पासून रक्तपेढीतील रक्ताची या विषाणूसाठीं तपासणी सक्तीची आहे.

आतां या विषाणूचा कर्करोगाशीं संबंध कसा जुळतो तें पाहूं. ‘बी’ विषाणु पेशीच्या आनुवंशिक द्रव्यांत आपला अंश मिसळूं शकतो. ‘सी’ विषाणूला तें साधत नाहीं. तो मुख्यतः आडवाटेनें घात करतो. संसर्ग झालेल्या दर १० जणांपैकीं सुमारें ७ जणांच्या शरीरांत तो ठाण मांडून बसतो. मग त्याच्याशीं शरीराचा झगडा वर्षानुवर्षें चालतो. पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हां मरतात. आणि जखम भरून आल्यावर वण राहावा तसे तंतू यकृतांत सांचत जातात. अखेर मऊ यकृत कठीण व गांठीगांठींचें बनतें. या अवस्थेला डॉक्टर सिर्‍होसिस म्हणतात. जुनाट संसर्ग असलेल्या १०० रोग्यांपैकीं १५ ते ३० जण २० वर्षांच्या आंत तेथवर पोंचतात. मद्यपानाची जोड असली तर त्याहूनहि लवकर. सतत विभागणाऱ्या पेशींत दोष सांचतात आणि त्यांतून कर्करोगाचें बीज पडतें. सिर्‍होसिस झालेल्या १०० रोग्यांमागें दर वर्षीं सुमारें १ ते ४ जणांना यकृताचा कर्करोग होतो.

पूर्वीं या रोगावर इंटरफेरॉनचीं इंजेक्शनें सहा महिने ते वर्षभर घ्यावीं लागत. ताप, अंगदुखी व मनाची खिन्नता यांनीं रोगी हैराण होत, आणि एवढें सोसूनहि अनेकांना गुण येत नसे. २०१३ मध्यें सोफोसबुव्हिर हें औषध प्रचारांत आलें आणि चित्र पालटलें. विषाणु आपली प्रतिकृति साखळीसारखी एकेक कडी जोडून तयार करतो. हें औषध त्याला खोटी कडी पुरवितें, आणि ती जोडली गेली कीं साखळी पुढें वाढत नाहीं. डक्लाटास्व्हिरसारख्या दुसऱ्या औषधाच्या जोडीनें ह्या गोळ्या बहुधा १२ आठवडे घेतल्या म्हणजे १०० पैकीं ९५ हून अधिक रोगी विषाणुमुक्त होतात.

तथापि २०१६ मध्यें स्पेन व इटली येथील कांहीं डॉक्टरांनीं एक शंका उपस्थित केली. ज्यांच्या यकृतांतील कर्करोगाची गांठ पूर्वीं काढली होती, अशा रोग्यांत ह्या गोळ्यांनंतर गांठ पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण त्यांना अधिक वाटलें. औषधच कर्करोगाला वाट मोकळी करून देतें कीं काय, अशी भीति पसरली. पुढें झालेल्या मोठ्या अभ्यासांनीं त्या शंकेला दुजोरा दिला नाहीं. कर्करोग नव्यानें होण्याच्या धोक्याविषयींहि उत्तर दिलासा देणारेंच मिळालें. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ह्या गोळ्या घेतलेल्या २२,५०० रोग्यांचा अभ्यास २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. विषाणु न हटलेल्या रोग्यांत वर्षाला १०० मागें ३.४५ जणांना कर्करोग झाला. विषाणु गेलेल्यांत हें प्रमाण ०.९० इतकेंच होतें.

मात्र हें प्रमाण शून्यावर आलें नाहीं. त्याच अभ्यासांत, विषाणु गेलेल्यांपैकीं ज्यांना आधींच सिर्‍होसिस झाला होता त्यांच्यांत तें १.८२, आणि इतरांत ०.३४ होतें. आग विझली तरी जळालेलें घर लगेच पूर्ववत् होत नाहीं. म्हणून सिर्‍होसिसच्या रोग्यानें रक्त विषाणुमुक्त झाल्यावरहि दर सहा महिन्यांनीं यकृताची सोनोग्राफी करून घेणें अगत्याचें आहे. बरें झाल्याच्या आनंदांत ही तपासणी सोडून देणारा रोगी खरोखर फसतो. गांठ लहान असतांना सांपडली तर ती कापून काढतां येते किंवा उष्णतेनें जाळतां येते. मोठी झाल्यावर उपाय फार थोडे उरतात.

यावरून उपचाराची खरी वेळ कोणती, हेंहि ध्यानांत येईल. सिर्‍होसिस होण्यापूर्वींच विषाणु घालविला तर धोका सर्वांत कमी राहतो. आणि रोग मुका असल्यामुळें तो रक्त तपासल्यावांचून कळत नाहीं. २००१ पूर्वीं ज्यांना रक्त द्यावें लागलें, ज्यांचें रक्तशुद्धीकरण यंत्रावर होत असतें, त्यांनीं एकदां तरी ही तपासणी करून घ्यावी. भारत सरकारनें २०१८ मध्यें सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषधें विनामूल्य मिळण्याची सोय आहे. जो अवयव स्वतः होऊन तक्रार करीत नाहीं, त्याची विचारपूस आपणच केली पाहिजे.