औषधसुरक्षा (लेखांक ४): संगणकावर लिहिलेले प्रिस्क्रिप्शन

संगणकावर औषध लिहिण्याच्या पद्धतीत दोन वेगळी कामे होतात. पहिले काम सरळ आहे. डॉक्टर औषधाचे नाव, मात्रा, वेळा आणि दिवस ठरलेल्या रकान्यांत भरतात आणि तो मजकूर जसाच्या तसा फार्मसीत पोहोचतो. अक्षर न लागल्याने केमिस्टने अंदाज बांधणे किंवा दशांशचिन्ह नजरेतून सुटून डोस दसपट होणे, हे इथेच थांबते. दुसरे काम तपासणीचे. रुग्णाचे वय, वजन, ॲलर्जी, मूत्रपिंडाचे अहवाल आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या यांच्याशी प्रणाली नवे औषध ताडून पाहते. वॉर्फरिन घेणाऱ्याला आयब्युप्रोफेन लिहिले, तर रक्तस्रावाचा धोका पडद्यावर येतो.

याहून मोलाची मदत इशाऱ्याशिवाय होते. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेचे काम मंदावून जीवावर बेतू शकते. नीट आखलेल्या प्रणालीत या आजारासाठी 'रोज' हा पर्याय निवडताच येत नाही, आठवड्याचा वार भरावा लागतो. चूक झाल्यावर टोकण्यापेक्षा चुकीला वाटच न ठेवणे केव्हाही अधिक भरवशाचे.

या पद्धतीचा फायदा मोजून दाखवला तो बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील डेव्हिड बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कोणाच्याही लक्षात न येता रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या गंभीर औषधचुका निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्क्यांनी घटल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, देशातील रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. त्यानंतर रुग्णालयांत संगणकावर औषधे लिहिण्याचा आग्रह वाढला.

पण हस्ताक्षराच्या चुका गेल्या, तरी पडद्याच्या चुका आल्या. त्यांचा सर्वांत बोलका नमुना २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात घडला. सोळा वर्षांच्या, ३८.६ किलो वजनाच्या मुलाला सेप्ट्रा या प्रतिजैविकाची एक गोळी, म्हणजे १६० मिलिग्रॅम, द्यायची होती. वजन ४० किलोच्या आत असल्यामुळे प्रणालीने मात्रा दर किलोमागे मागितली. त्या हिशेबाने आलेली मात्रा गोळीशी जुळेना, म्हणून फार्मासिस्टने ती १६० करायला कळवले. डॉक्टरांनी १६० भरले. मात्र रकान्यातले एकक 'मिलिग्रॅम' नव्हते, 'दर किलोला मिलिग्रॅम' होते. एका गोळीच्या जागी साडेअडतीस गोळ्यांचा आदेश तयार झाला.

प्रणालीने डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला, दोघांनाही जादा मात्रेचा इशारा दिला होता. तसे इशारे दिवसभर येत असल्याने दोघांनीही तो बाजूला सारला. गोळ्या यंत्राने बांधल्या. नर्सच्या बारकोड यंत्राने त्या आदेशाबरहुकूम असल्याचे सांगितले, आणि तिच्या मनातली शंका तिथेच विरली. मुलाला आकडी आली, पण तो बचावला. रॉबर्ट वॉक्टर यांनी २०१५ च्या 'द डिजिटल डॉक्टर' या पुस्तकात ही घटना तपशिलाने उलगडली आहे.

निरर्थक इशाऱ्यांचा असा मारा झाला की खरा इशाराही वाचला जात नाही. त्यामुळे प्रत्येक संभाव्य आंतरक्रिया दाखवणारी प्रणाली अधिक सुरक्षित ठरते, हा समज टाकून द्यायला हवा. काम थांबवणारे इशारे मोजक्याच प्राणघातक चुकांसाठी राखून ठेवावेत. डॉक्टर कोणते इशारे सतत ओलांडतात याची नोंद ठेवून यादी छाटत राहावे. जादा मात्रेचा आकडा किती मोठा आहे, हेही इशाऱ्यातून दिसायला हवे. दुप्पट डोस आणि चाळीसपट डोस यांना एकसारखी चौकट दाखवणे हा रचनेचाच दोष आहे.

प्रणाली बसवताना कामाची घडी विस्कटली, तरीही घात होतो. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात ती सुरू झाल्यानंतरच्या पाच महिन्यांत, बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ च्या अभ्यासात आढळले. मूल पोहोचून त्याची नोंद होईपर्यंत औषधे लिहिताच येत नव्हती, आणि अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत ती मिनिटे फार महागात पडतात. सिएटलच्या बालरुग्णालयाने तशीच प्रणाली बसवली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाढले नाही.

भारतात वेगळी अडचण आहे ती ब्रँडनावांच्या गर्दीची. 'फॅल्सिगो' आणि 'फॅल्सिटॅब' या मलेरियावरील औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, औषधांच्या नावांतील साम्य इतर मालापेक्षा कडक निकषावर तपासावे, असे सांगितले. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याचा नियम केला. संगणकावर अक्षराचा प्रश्न मिटतो, पण नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप करताच उघडणाऱ्या यादीत शेजारचे नाव निवडले जाण्याचा धोका उरतो. शिवाय आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे असणे नेहमीचे. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल आणि तापाच्या गोळीतही तेच, हे ओळखायचे तर प्रत्येक ब्रँड त्याच्या घटकांशी जोडलेला हवा. तसा जोडलेला नसेल, तर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असूनही ॲमॉक्सिसिलिन असलेला ब्रँड प्रणालीच्या नजरेतून निसटतो.