जिथे 'काश', तिथे 'विश'. जिथे 'इन्शाअल्लाह', तिथे 'होप'

देवनार-गोवंडीच्या वस्त्यांमधली आपली मुलं घरी उर्दू बोलतात, बाहेर मराठी बोलतात आणि इंग्रजी बहुतेक वेळा पुस्तकातच भेटते. इच्छा आणि पस्तावा सांगताना ही मुलं हमखास अडखळतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलगी लिहिते, 'आय विश आय विल गेट धिस स्कॉलरशिप.' हे वाक्य चूक आहे. ती सुधारायला जाऊन 'आय विश आय गॉट' केलं, तर अर्थच फिरतो: शिष्यवृत्ती आपल्याला मिळायची नाही, असं तीच सांगून बसते!

आम्ही वर्गात एक सोपी खूण सांगतो. ज्या गोष्टीसाठी तुम्ही 'इन्शाअल्लाह' म्हणाल, तिथे 'होप' लिहा. जिथे तोंडून 'काश' निघेल, तिथे 'विश'. म्हणून मुलीचं वाक्य हवं, 'आय होप आय गेट धिस स्कॉलरशिप.' मात्र 'आय विश टू अप्लाय', म्हणजे 'अर्ज करू इच्छिते', ही अर्जाची रीतसर भाषा आहे, ती चालते.

आता 'विश'नंतरचा काळ. आपण उर्दूत म्हणतो, 'काश मेरे पास वक़्त होता.' वेळ आत्ता नाही, तरी क्रियापद 'होता'. उर्दू व्याकरणात या रूपाला 'माज़ी तमन्नाई' म्हणतात. माज़ी म्हणजे भूतकाळ, तमन्ना म्हणजे इच्छा. मराठीत 'वेळ असता तर' हा संकेतार्थ. इंग्रजीचीही रीत तीच: काळ एक पायरी मागे न्यायचा.

आजची खंत असेल तर साधा भूतकाळ: 'आय विश आय हॅड मोअर टाइम', 'आय विश आय न्यू इंग्लिश.' इथे 'आय'बरोबरही 'वेअर' येतं: 'आय विश आय वेअर टॉलर.' बोलताना 'वॉज' चालतं, पण अर्जात 'वेअर'च लिहावं.

कालची खंत असेल तर आणखी एक पायरी मागे, म्हणजे 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप: 'आय विश आय हॅड स्टडीड.' काश मैंने पढ़ा होता. अभ्यास केला असता तर!

दुसऱ्याने वागणं बदलावं किंवा काही घडावं, असं वाटत असेल तर 'वुड': 'आय विश द रेन वुड स्टॉप.' स्वतःबद्दल 'आय विश आय वुड' सहसा म्हणत नाहीत.

अम्मी-अब्बांनी एवढं जरूर करावं. मुलाने उर्दूत किंवा मराठीत काय म्हटलं ते आधी ऐकावं, मग इंग्रजी वाक्य तपासावं. कारण या काळांवरून वाचणाऱ्याला कळतं, दार उघडं आहे की बंद. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलगी लिहिते, 'आय विश आय हॅड फिनिश्ड स्कूल.' व्याकरण अचूक आहे, पण दार बंद झालेलं नाही. १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. तिला पुढचं वाक्यही लिहायला शिकवा: 'आय होप टू फिनिश इट नाऊ.'