सर, आपण कितवे?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याच्या अलीकडे आमचं पाली लागतं. बिंदुसरा धरणाचं गाव म्हणून ते जिल्ह्याला माहीत आहे. महाविद्यालयातली क्रीडा संचालकाची नोकरी संपवून मी इथे परतलो, तेव्हा पुस्तकांपेक्षा वह्याच जास्त बरोबर आणल्या. प्रत्येक हंगामाची एक वही. कोण कोणाशी खेळलं, किती गुणांनी जिंकलं, कोणाचा गुडघा दुखावला, हे सगळं त्यात आहे. त्यातल्या एका वहीपाशी मी गेली काही वर्षं अडून बसलो आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीचा तो हंगाम. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेला २१ संघ आले होते. आम्ही सकाळी पहिला सामना जिंकला, दुपारी दुसरा दोन गुणांनी हरलो आणि संध्याकाळच्या एसटीने परत निघालो. ज्यांच्याकडून हरलो, तो संघ पुढे अजिंक्य ठरला. अंतिम सामना त्यांनी १७ गुणांनी मारला. एसटीत माझ्या शेजारी आमचा उजवा कोपरा सांभाळणारा मुलगा बसला होता. आईवडील कोयता घेऊन दरवर्षी कारखान्यावर जाणारे. त्याने विचारलं, "सर, मग आपण कितवे?"

मी म्हणालो, "दुसऱ्या फेरीत बाद."

"ते झालं. पण कितवे?"

प्रश्न पोरकट नव्हता. विद्यापीठाच्या संघनिवडीत वरच्या संघांतली मुलं आधी डोळ्यांत भरतात. विद्यापीठाकडून खेळलं तर पुढच्या स्पर्धेची वाट उघडते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेतलं ठरावीक स्थान लागतं. 'कितवे' या शब्दावर आमच्याकडच्या मुलाची अख्खी पोलीसभरती टांगलेली असते.

आता २१ संघांची क्रमवारी लावायची कशी? प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे साखळी पद्धत घ्यायची, तर २१ गुणिले २० भागिले २, म्हणजे २१० सामने होतात. दोन मैदानं आणि तीन दिवस हाताशी असलेल्या यजमान महाविद्यालयाला हे शक्यच नाही. म्हणून बाद पद्धत. तिथे प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो आणि अजिंक्य संघ सोडून सगळ्यांना एकदा घरी जायचंच असतं, म्हणून सामने फक्त २०. भाग्यपत्रिका ३२ घरांची काढतात आणि उरलेल्या ११ घरांसाठी ११ संघांना पहिल्या फेरीत 'पुढे चाल' मिळते. गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते पत्रिकेच्या दोन टोकांना बसवतात आणि त्यांना पुढे चाल देतात. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. आमची चिठ्ठी विजेत्यांच्या शेजारच्या जोडीत निघाली. आमची मुलं सकाळी चाळीस मिनिटं घासून दुपारी उतरली, ते ताजेतवाने आले. यात कोणी काही गैर केलं नाही. पत्रिकेला 'भाग्य' हा शब्द ज्याने जोडला त्याला खेळ नीट कळत होता.

बाद पद्धतीतून पहिला नंबर बऱ्यापैकी विश्वासाने मिळतो. घोळ सुरू होतो दुसऱ्यापासून. 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारा लुईस कॅरल हा पेशाने ऑक्सफर्डमधला गणिताचा अध्यापक, खरं नाव चार्ल्स डॉजसन. त्याने १८८३ साली लॉन टेनिसच्या स्पर्धांमधली बक्षिसं कशी चुकीची दिली जातात यावर एक पुस्तिकाच काढली. त्याचा मुद्दा साधा आहे. ३२ खेळाडू आहेत, जो सरस तो नेहमी जिंकतो आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या, असं धरा. दुसऱ्या क्रमांकाचा खरा खेळाडू फक्त पहिल्याकडूनच हरणार. तो पत्रिकेच्या दुसऱ्या अर्ध्यात असेल तरच अंतिम फेरीत पोचेल. त्याच्यासाठी मोकळी घरं ३१, त्यातली पलीकडच्या अर्ध्यातली १६. म्हणजे दुसरं बक्षीस योग्य माणसाला मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६. नाणं उडवण्यापेक्षा जरा बरी, एवढंच. कॅरलने सुचवलं की एका पराभवाने कोणाला घरी पाठवू नये. ज्याच्यावर थेट किंवा आडून तीन जण सरस ठरले आहेत, त्यालाच बाद करावं. आडून म्हणजे, मला ज्याने हरवलं त्याला हरवणारा माझ्याहीपेक्षा सरस. त्याची पद्धत कोणी उचलली नाही. बहुधा ती समजावून सांगायला एक सामन्याइतका वेळ लागतो म्हणून.

हा सगळा गुंता आपल्याकडच्या साधनांच्या टंचाईतून येतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती भाच्याच्या एका फोनने मोडली. तो तेव्हा अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होता. जानेवारी २००४ मध्ये त्याचा फोन आला, "मामा, आमचं कॉलेज फुटबॉलमध्ये देशात पहिलं आलं! पण पेपरात दुसऱ्याच कॉलेजचं नाव आहे."

तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून खेळायचा तो. महाविद्यालयीन सामन्यालाही लाखभर माणूस मावेल अशी मैदानं आहेत. पैशाला तोटा नाही. तरीही वरच्या श्रेणीत शंभरावर संघ आणि अंगमोड असा खेळ, त्यामुळे एक संघ हंगामात मोजकेच सामने खेळतो. बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. मग नंबर लावायचा मतदानाने. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून क्रीडा पत्रकारांची मतं घेते. प्रत्येकाने २५ संघांची यादी द्यायची, पहिल्याला २५ गुण, शेवटच्याला एक, आणि बेरीज. १९५० पासून प्रशिक्षकांचीही अशीच वेगळी यादी निघू लागली. दोन याद्यांचे पहिले नंबर वेगळे निघाले की देशात दोन अजिंक्य संघ. १९९७ च्या हंगामात तसंच झालं. म्हणून १९९८ पासून एक सूत्र आणलं, त्यात दोन्ही मतदानं, अनेक संगणकांच्या क्रमवाऱ्या, प्रतिस्पर्धी किती तगडे होते त्याचा आकडा आणि पराभवांची संख्या. त्या बेरजेत पहिले दोन येतील ते अंतिम सामना खेळणार.

२००३ च्या हंगामात हे सूत्र उताणं पडलं. ओक्लाहोमा, लुइझियाना आणि सदर्न कॅलिफोर्निया या तिघांचा प्रत्येकी एक पराभव. ओक्लाहोमाचा तर शेवटच्या आठवड्यात ३५-७ असा दणदणीत. पत्रकार आणि प्रशिक्षक, दोन्ही याद्यांत सदर्न कॅलिफोर्निया पहिलं. पण सूत्राच्या बेरजेत ओक्लाहोमा पहिलं, लुइझियाना दुसरं आणि सदर्न कॅलिफोर्निया ०.१६ ने तिसरं! कारण पाहा. सदर्न कॅलिफोर्नियाने ज्यांना आधी हरवलं होतं ते नोत्र दाम आणि हवाई हे संघ त्याच शेवटच्या दिवशी भलत्यांकडून हरले, म्हणून 'तुम्ही कच्च्या संघांना हरवलंत' असा आकडा निघाला. शेजाऱ्याच्या शेतात गारपीट झाली आणि पंचनाम्यात आपलं पीक कमी भरलं, त्यातला प्रकार. लुइझियानाने अंतिम सामन्यात ओक्लाहोमाला २१-१४ असं हरवलं. प्रशिक्षकांना या सामन्याच्या विजेत्यालाच पहिलं मत देणं बंधनकारक होतं, तरी तिघांनी सदर्न कॅलिफोर्नियाचंच नाव लिहिलं. पत्रकारांवर असं बंधन नव्हतं, त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला पहिलं ठरवलं. भाचा आणि पेपर दोघंही खरं बोलत होते. पुढच्या वर्षी सूत्र बदललं. २०१४ पासून १३ जणांची समिती चार संघ निवडू लागली आणि २०२४ पासून बारा. आता भांडण बारावा कोण आणि तेरावा कोण याचं आहे.

साखळी खेळली की हे मिटतं असं वाटत असेल तर आपल्या रणजी करंडकाकडे बघावं. जानेवारी २०२३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मुंबई गटातला शेवटचा सामना खेळले. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ गुण, असा नियम. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४. मुंबईचाही ३८४. सामना अनिर्णित राहिला, आघाडी कोणाचीच नाही, आणि दोघंही बाद फेरीच्या बाहेर. एका धावेसाठी कोणता गोलंदाज, कोणता क्षेत्ररक्षक रात्रभर जागा राहिला असेल, देव जाणे.

त्या अमेरिकी प्रकरणातली एक गोष्ट मात्र मला वहीकडे परत घेऊन गेली. २००२ पासून संगणकांना सामना किती फरकाने जिंकला हे मोजायला मनाई केली होती. फरक मोजला की मोठे संघ दुबळ्यांना विनाकारण तुडवतात, हे त्याचं कारण. मी आमच्या हंगामाची पत्रिका कॅरलच्या नजरेने पुन्हा मांडली. अजिंक्य संघाने चार सामने खेळले, म्हणजे फक्त त्यांच्याकडूनच हरलेले संघ चार. चौघांचाही दुसऱ्या क्रमांकावर सारखाच दावा. त्यातल्या एकालाच चषक मिळाला होता. पराभवाचे फरक लिहिले, २, ९, ११, १७. आमचा सर्वांत कमी. मी खूश झालो. त्या मुलाला, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या माणसाला, फोन करावा असंही वाटलं.

मग त्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरातली पेन्सिलची ओळ दिसली. 'त्यांचा मुख्य चढाईपटू मध्यंतरानंतर उतरला.' त्यांनी आमच्यासमोर पहिली वीस मिनिटं आपला हुकमी गडी बसवून ठेवला होता. संध्याकाळच्या सामन्यासाठी त्याला राखलं असणार. मी तेव्हा ते पाहिलं होतं, लिहिलंही होतं आणि एवढ्या वर्षांत सोयीने विसरलो होतो. तो आल्यावर वीस मिनिटांत आमच्यावर एक लोण चढला, हेही खाली आहे. उलट बाजूने पाहिलं तर आमचीही मुलं सकाळचा सामना खेळून दमलेली होती. त्याचा फरक किती गुणांचा धरायचा, हे कॅरलही सांगत नाही.

गेल्या दिवाळीत तो मुलगा फराळाला आला. भरतीत त्याचं झालं नाही, आता त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे, ऊसवाहतूक करतो. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने चारही आकडे बघितले, समासातली ओळ वाचली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, त्या गड्याची एक पकड मी केली होती. ती लिहिली का तुम्ही?"

लिहिली होती. मागच्या पानावर.