मागून बसणारी गाडी आणि हवेच्या पिशव्या

गणपतीला कोकणात निघालेली एखादी एसयूव्ही मागून पाहा. आत सात माणसं, डिकीत काचेपर्यंत बॅगा, वर कॅरिअर. गाडीचं नाक वर, बंपर खाली, आणि खड्डा आला की मागून ‘धप्’ असा आवाज. स्प्रिंग पूर्ण दबून ॲक्सल रबरी बंप स्टॉपवर आपटल्याचा तो आवाज असतो.

गाडी अशी बसते ती नुसत्या वजनाने नव्हे, वजन कुठे ठेवलंय त्याने. डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते. तिथे ठेवलेले १०० किलो मागच्या ॲक्सलवर १०० किलोंहून जास्त भार टाकतात आणि वरचा तो भार पुढच्या चाकांवरून काढून घेतात. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं हवी तशी पकड घेत नाहीत, आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. रात्रीच्या दुपदरी रस्त्यावर यातलं शेवटचं मला सर्वांत गंभीर वाटतं, कारण गाडी आपण भरतो आणि दिसेनासं दुसऱ्याला होतं.

जाड तारेच्या स्प्रिंगा टाकल्या तर गाडी बसत नाही, पण वर्षातले बाकीचे दिवस रिकामी गाडी उडत राहते. म्हणून कॉइल स्प्रिंगच्या पोकळीत बसणारी हवेची पिशवी हा मधला मार्ग निघाला. (अपघातात उघडणारी एअरबॅग वेगळी.) अमेरिकेत मिशिगनमधली एअर लिफ्ट कंपनी १९४९ पासून याच धंद्यात आहे. पिशवी पॉलियुरेथेनची असते आणि तिच्यात साधारण ५ ते ३५ पीएसआय हवा भरतात. दहा सेंटीमीटर व्यासाच्या पिशवीत ३० पीएसआय दाब असेल, तर हिशेबाने एका बाजूला सुमारे १६५ किलोंचा आधार मिळतो. हवा जितकी दाबावी तितकी जास्त जोराने उलट ढकलते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यातही ॲक्सल सहसा तळाला टेकत नाही. भार उतरला की हवा कमी करायची, गाडी पुन्हा मऊ.

इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन अशा मागे कॉइल असलेल्या गाड्यांचा विचार इथे करता येतो. बोलेरोला मागे पाटे आहेत. तिथे ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसणारी वेगळी पिशवी लागते. शॉकअप स्प्रिंगच्या आतूनच जात असेल, तर कॉइलमधली पिशवी बसतच नाही.

बसवण्याचं काम अवघड नाही, पण घाईचंही नाही. गाडी जॅकवर घेऊन चासी स्टँडवर टेकवायची, म्हणजे ॲक्सल खाली लोंबतो आणि स्प्रिंगचे वेढे फाकतात. बंप स्टॉप स्प्रिंगच्या आत असेल तर किटच्या सूचनेप्रमाणे तो काढावा किंवा कापावा लागतो. पिशवीतली हवा पूर्ण काढून, तिची घडी घालून, साबणाचं पाणी लावून ती दोन वेढ्यांमधून आत सरकवायची. वर-खाली बसवायच्या चकत्या विसरायच्या नाहीत, नाहीतर स्प्रिंगच्या टोकाची धार पिशवी कापते. हवेची नळी सायलेन्सरपासून लांब न्यायची.

इथे बरेच फिटर एक शॉर्टकट घेतात. दोन्ही पिशव्यांना ‘टी’ जोडून एकच व्हॉल्व्ह काढतात. भरायला सोपं जातं खरं, पण घाटातल्या वळणावर बाहेरच्या बाजूची पिशवी दबते आणि तिच्यातली हवा आतल्या बाजूच्या पिशवीत जाते. म्हणजे गाडी आणखीच कलते. उंच गाडीला हे परवडणारं नाही. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह, असाच आग्रह धरा.

हवा किती भरायची हे मोजपट्टी सांगते. रिकाम्या गाडीत मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. सामान भरून माणसं बसली की जवळपास तेवढंच अंतर परत येईपर्यंत भरा. पिशवीत हवा मुळातच थोडी असते, गेज लावताना सुटली तरी दाब चटकन उतरतो. म्हणून हातपंपाने हळूहळू भरलेलं बरं. जोडांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का तेही पाहा.

आता यातला धोका. पिशवी गाडीचं अंग उचलते, गाडीची ताकद वाढवत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे जुनेच असतात आणि कंपनीने ठरवून दिलेलं कमाल वजनही तेच राहतं. मागून सरळ दिसू लागलेल्या गाडीत आणखी दोन गोणी टाकायचा मोह होतो, तो टाळायलाच हवा. रिकामी गाडीच बसलेली दिसत असेल, तर स्प्रिंगा थकल्या आहेत. त्या आधी बदला. शॉकअप गळत असतील तर तेही.

आणि सामान उतरवल्यावर सगळी हवा सोडून देऊ नका. निदान ५ पीएसआय राहू द्या. रिकामी पिशवी वेढ्यांत चिमटते, फाटते, आणि ते कळतं पुढच्या प्रवासाला निघताना.