उसाचं खातं कुणाकडे?



२०२४ च्या जून महिन्यात, गाळपाची गडबड आटोपल्यावर, काही सभासदांना बरोबर घेऊन आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीला गेलो होतो. तेथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. उसाची माणसं भाताकडं कशी वळली, असे कुणी विचारील. आपल्यापैकी काहींच्या पाणथळ रानात ऊस बसत नाही, एवढे साधे कारण.

त्याच आठवड्यात दिल्लीत नवे मंत्रिमंडळ झाले होते. ९ जूनला शपथविधी, १० जूनला खातेवाटप. भाजपला २४० जागा मिळाल्या, बहुमताला लागतात २७२. त्यामुळे तेलुगु देसमच्या १६ आणि जनता दल (संयुक्त) च्या १२ खासदारांना मोल आले. पंतप्रधान धरून ७२ जणांनी शपथ घेतली. चहाच्या टपरीवर आम्ही पेपर उघडला आणि आपल्या मंडळींनी लगेच महाराष्ट्राची डोकी मोजायला सुरुवात केली. गडकरी, गोयल हे कॅबिनेट. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव स्वतंत्र कारभार. आठवले, रक्षा खडसे, पुण्याचे मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. झाले सहा. मग तक्रारीही निघाल्या. शिवसेनेचे ७ खासदार, तरी कॅबिनेट एकही नाही. बिहारच्या मांझींचा पक्ष एका खासदाराचा, त्यांना मात्र कॅबिनेट. राष्ट्रवादीला स्वतंत्र कारभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले होते. प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री राहिलेले, म्हणून ते त्यांनी घेतले नाही.

शेजारी बसलेले एक धान उत्पादक शेतकरी हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, "ते सगळं खरं जी, पण तुमच्या उसाचं खातं कोनापाशी गेलं?"

आम्ही सातजण होतो, उत्तरे चार आली. कुणी म्हणाले कृषी, म्हणजे शिवराजसिंह चौहान. कुणी म्हणाले सहकार, म्हणजे अमित शहा. सांगायला संकोच वाटतो, पण आम्हालाही नीट जुळवून सांगता येईना. परत आल्यावर कागदपत्रे काढून बसलो, ती हकीकत येथे देतो.

उसाचे खाते असे एक नाहीच. उसाची एफआरपी किती असावी याची शिफारस कृषी मूल्य आयोग करतो आणि तो कृषी मंत्रालयाखाली येतो. पण त्या शिफारशीवर प्रस्ताव तयार करून मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीपुढे नेते ते अन्न व सार्वजनिक वितरण खाते. साखरेची किमान विक्री किंमत, महिन्याचा विक्री कोटा, इथेनॉलकडे साखर किती वळवायची, ही दोरीही त्याच खात्याच्या हातात. इथेनॉल विकत घेणाऱ्या तेल कंपन्या पेट्रोलियमकडे. कारखान्यांना कर्ज देणारे एनसीडीसी सहकाराकडे, आणि हे सहकार मंत्रालय तर जुलै २०२१ मध्ये नवे निघालेले.

या वाटणीचा फटका कसा बसतो ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. पेट्रोलियमला इथेनॉल हवे होते, पण साखर कमी पडेल या भीतीने अन्न खात्याने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात १७ लाख टन साखरेपुरती सूट मिळाली, पूर्ण बंदी उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या त्यांनी त्या दिवसांत कुणाचा दरवाजा ठोठवायचा?

आघाडीत खाती वाटताना मित्रपक्षांना काय दिले आणि काय ठेवून घेतले, हे पाहण्यासारखे असते. २०२४ मध्ये तेलुगु देसमला विमान वाहतूक मिळाली, कुमारस्वामींना अवजड उद्योग व पोलाद, चिराग पासवानांना अन्नप्रक्रिया. उत्तर प्रदेशातील ऊसपट्ट्याचे जयंत चौधरी यांच्याकडे कौशल्य विकास आले. ऊस नाही. अन्न खाते भाजपने स्वतःकडे ठेवले आणि धारवाडचे प्रल्हाद जोशी मंत्री झाले. २००४ च्या आघाडीत गोष्ट वेगळी होती. राष्ट्रवादीचे खासदार अवघे ९, पण शरद पवारांनी कृषी आणि अन्न ही दोन्ही खाती घेतली आणि जानेवारी २०११ पर्यंत ती एका हाती राहिली. त्याचे सगळेच बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही; पण दार कुठले हे तरी ठाऊक होते.

आणि आपला माणूस वर बसला म्हणजे भागले, असेही नाही. १९७८ च्या ऑगस्टमध्ये जनता सरकारने साखर पूर्ण मोकळी केली, भाव कोसळले, जुन्या सभासदांना ते हंगाम आठवत असतील. १९७९ च्या डिसेंबरात नियंत्रण परत आले तेव्हा चरणसिंगांच्या आघाडी सरकारात यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान होते, पण खाते त्यांच्याकडे गृह होते.

आज आपले दुखणे काय? २०१८-१९ ला एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, २०२४-२५ साठी ती ३४० झाली. साखरेची किमान किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली, ती २०२४-२५ चा हंगाम सरला तरी तेवढीच होती. दोन्हींच्या मधल्या फटीत आपली बिले अडकतात. यावर आपण वार्षिक सभेत ठराव केला होता आणि कृषिमंत्र्यांच्या नावे पाठवला होता. चूक आमची, मजकूर आम्हीच लिहिला होता.

सिंदेवाहीच्या त्या शेतकऱ्याला आम्ही नंतर पत्र लिहून उत्तर कळवले. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले. त्यांचा धान आधारभूत किमतीने खरेदी होतो, मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर, पण तो तांदूळ ज्या केंद्रीय योजनेत जातो ते खातेही हेच, अन्न व सार्वजनिक वितरण. "म्हंजे आपन एकाच दारचे," असे त्यांनी लिहिले आहे, आणि खाली विचारले आहे की तुमचा ठराव जाईल तेव्हा त्यात धानाच्या चुकाऱ्याचीही एक ओळ घालाल काय.

पुढील सभेसाठी ठरावाचा मसुदा नव्याने करीत आहोत. २०२४ मध्ये दोन्ही खाती कृषी भवन या एकाच इमारतीत बसत होती. मसुद्यात खात्याचे नाव मात्र बदलले आहे. धानाची ओळ घालायची की नाही, हे सभासदांनी सांगावे.