कोड वाचणाऱ्या डोळ्यांसाठी

कथा वाचताना एखादं अक्षर चुकलेलं असलं तरी आपलं अडत नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून मन ते दुरुस्त करून घेतं. कोड वाचताना ही सवलत मिळत नाही. तिथे स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला तर प्रोग्रॅम बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे बंद न पडता चुकीचं उत्तर देत राहतो. म्हणूनच कोडसाठी फॉन्ट निवडणं हे हौसेचं काम नाही, असं मी आग्रहाने म्हणतो.

कोडला लागतो मोनोस्पेस फॉन्ट. त्यात ‘आय’ असो की ‘डब्ल्यू’, प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं. ही रीत टाइपरायटरची. कोणतीही कळ दाबली तरी कॅरेज तेवढीच सरकायची, मग अक्षरंही त्या मापात बसवावी लागत. आयबीएमच्या टाइपरायटरसाठी हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात घडवलेला ‘कुरियर’ आजही संगणकात आहे. टाइपरायटर गेला, पण सारख्या रुंदीची गरज उरली. ओळी एकाखाली एक नेमक्या आल्या की चुकलेला कंस किंवा जास्तीची मोकळी जागा लगेच दिसते. पायथनसारख्या भाषेत ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेलाच अर्थ असल्यामुळे तर हे फारच महत्त्वाचं.

मात्र नुसती रुंदी सारखी असून भागत नाही. खरी परीक्षा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची. जुन्या अनेक इंग्रजी टाइपरायटरांवर आकडा एकची कळच नसे. स्मॉल एल दाबून वेळ निभावून नेत. पत्रात ते खपून जायचं, कोडमध्ये त्याने घात होतो. पायथनच्या अधिकृत लेखनशैलीत तर स्मॉल एल, कॅपिटल ओ आणि कॅपिटल आय ही एकेकटी अक्षरं चलांची नावं म्हणून वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. कारण काही फॉन्टमध्ये ती एक आणि शून्य या आकड्यांपासून ओळखूच येत नाहीत.

तेव्हा नवा फॉन्ट हाती आला की आधी स्मॉल एल, आकडा एक, कॅपिटल आय आणि उभी रेघ शेजारी-शेजारी टाइप करा. मग शून्य आणि ओ. पाच आणि एस, आठ आणि बी, महिरपी कंस आणि गोल कंस, स्वल्पविराम आणि पूर्णविराम. हे सगळं रोजच्याच आकारात बघा. मोठं करून पाहिलं तर कुठलाही फॉन्ट चांगला दिसतो. लुकास द ग्रूट यांच्या ‘कन्सोलास’मध्ये शून्याला तिरकी रेघ आहे, अडोबीच्या ‘सोर्स कोड प्रो’मध्ये शून्याच्या पोटात ठिपका आहे. ‘कुरियर न्यू’चा शून्य मात्र कोरा, आणि पडद्यावर त्याच्या रेषाही फार बारीक. कोडसाठी तो वापरू नये, असंच माझं मत आहे. २०२० साली आलेल्या ‘जेटब्रेन्स मोनो’त लहान अक्षरांची उंची मुद्दाम वाढवलेली आहे, त्यामुळे लहान आकारातही डोळ्यांना ताण कमी पडतो.

‘फिरा कोड’सारख्या फॉन्टमध्ये दोन-तीन चिन्हं जोडून एकच चिन्ह दिसतं, उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह मिळून ‘≠’ असं उमटतं. फाइलमध्ये चिन्हं दोनच असतात, बदलतं ते फक्त दिसणं. सरावलेल्यांना हे आवडतं. पण शिकणाऱ्या मुलांसमोर आणि दुसऱ्याचा कोड तपासताना ही सोय बंद ठेवावी. जे टाइप केलं आहे तेच दिसलं पाहिजे.

कोडमध्ये मराठी लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच. पायथनमध्ये चलांना मराठी नावंही देता येतात, पण कोडच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच. मग संगणक दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून अक्षरं आणतो आणि रकाने वाकडे होतात. ‘क्षि’ आणि ‘र’ यांना सारख्या रुंदीत कोंबणंही लिपीवर अन्यायच आहे. त्यापेक्षा ओळींमधलं अंतर वाढवा, म्हणजे वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडणार नाहीत; आणि मराठी टिपा स्वतंत्र ओळीवर लिहा.

‘सोर्स कोड प्रो’, ‘जेटब्रेन्स मोनो’, ‘आयबीएम प्लेक्स मोनो’ हे तिन्ही फॉन्ट फुकट मिळतात. तिन्ही उतरवून घ्या, आपल्याच एखाद्या जुन्या फाइलवर एकेक लावून पाहा, आणि संध्याकाळी डोळे थकलेले असताना ज्यात एल आणि एक चटकन वेगळे ओळखू येतील तोच ठेवा.