रस कडू लागला तर ओतून द्या!

आमच्या अंबरनाथच्या महिला मंडळात दरवर्षी एक नवी लाट येते. कधी जवसाच्या चटणीची, कधी गव्हांकुरांची. मागच्या वेळी लाट आली ती रसाची. ‘ताई, सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घ्या, वजन झटक्यात उतरतं,’ असं एकीनं सांगायचा अवकाश, दुसऱ्या दिवसापासून निम्म्या घरांत मिक्सर घरघरू लागले. मग मी तरी मागे कशी राहीन?

तीन दिवस सगळं छान चाललं. चौथ्या दिवशी पहिला घोट जिभेला लागला आणि अंगावर काटाच आला. कडूजहर! ओतायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, औषध कडूच असतं. डोळे मिट आणि पिऊन टाक.’ लहानपणापासून आपणही हेच ऐकत आलोय, नाही का? पण दुधीबद्दल कधीतरी पेपरात वाचलेलं आठवलं. तो घोट मी थुंकला, खळखळून चूळ भरली आणि पेला मोरीत रिकामा केला. अख्खा दुधी वाया गेला म्हणून सासूबाई दिवसभर हळहळत होत्या.

मैत्रिणींनो, ती हळहळ परवडली. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या वेलावरच्या भाज्यांत कधीकधी कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. दुधी वरून कोवळा, हिरवागार दिसतो. कडूपणा कळतो तो फक्त जिभेला. भाजी कडू निघाली तर एका घासात आपण ताट बाजूला सारतो. रसाचा मात्र अख्खा पेला ‘औषध’ म्हणून घशाखाली जातो. धोका आहे तो इथेच. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं बजावलं, की कडू रस मुळीच पिऊ नये. तरीही २०१८ मध्ये पुण्यात अशाच रसानंतर एका महिलेचा जीव गेला. यावर ठरावीक उतारा नाही. पिऊन मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा आणि काय प्यायलो ते डॉक्टरांना सांगायचं.

म्हणून नियम एकच. चिरताना दुधीची, काकडीची छोटी फोड जिभेवर ठेवून पाहा. कडू असेल तर थुंकून टाका, चूळ भरा आणि दुधी फेकून द्या. लिंबू-मीठ घालून किंवा दुसऱ्या रसात मिसळून चव झाकू नका. शिजवूनही ते विष जात नाही. (कारल्याचा कडूपणा मूळचाच, तो वेगळा. पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कारल्याचा रसही डॉक्टरांना विचारूनच.)

मग काय, रस करायचाच नाही? करा की! त्यासाठी उल्हासनगरच्या बाजारात जाऊन महागडा ज्यूसर आणायचीही गरज नाही. मी आणला नाही. घरचा मिक्सर आणि मलमलचा स्वच्छ तुकडा पुरे. दोन गाजरं, अर्धं बीट, एक टोमॅटो, आल्याचा छोटा तुकडा. सगळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, चिरा, अर्धी वाटी पाणी घालून फिरवा आणि पिळून घ्या. वरून अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ. दोघींना अर्धा-अर्धा पेला होतो. केल्या केल्या प्यायचा, दुपारसाठी ठेवायचा नाही. चोथा टाकू नका. थालीपिठाच्या पिठात छान मुरतो. मूतखड्याचा त्रास असेल, तर पालक-बिटाच्या रसापासून दूरच राहा.

फळांचं गणित आणखी वेगळं. एक पेला रसाला तीन-चार मोसंबी लागतात. एका बैठकीत चार मोसंबी आपण खाऊ का? रसात चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. आमच्या मामंजींना मधुमेह. मी प्रेमानं रोज मोसंबीचा रस देत होते आणि महिन्याच्या तपासणीत साखर चढलेली! चूक माझीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत रसापेक्षा अख्खं फळ खा, असंच सांगितलंय. आता मामंजी मोसंबी सोलून खातात, तीही एकच.

हौसेचा रस मात्र मी वर्षातून एकदा करतेच. पावसाच्या तोंडावर बदलापूरची जांभळं आली, की राहवत नाही. या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय, आपल्या भागाचा मान! पिकलेली जांभळं धुवायची, चिमूटभर मीठ लावून हातानं कुस्करायची, बिया काढायच्या. बिया मिक्सरमध्ये जाऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर रस तुरट होतो. गर फिरवून गार पाणी, काळं मीठ, जिरेपूड. साखर कशाला हवी?

आणि आमच्या सासूबाई? परवा दुधीहलव्यासाठी दुधी आणला. किसणी हातात घेण्याआधी त्यांनीच एक फोड कापून जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘गोड आहे गं, घे किसायला!’